खांद्याची आवक-जावक

मंडल कचेरीत कोणतीही फाईल सुरुवातीला एका कागदाची असते. मग त्याला स्मरणपत्र जोडलं जातं, स्मरणपत्राला उत्तर, उत्तराला खुलासा, आणि एक दिवस ती फाईल उचलायला दोन माणसं लागतात. किश्शांचंही तसंच. कोणी ते जमवायला बसत नाही, पण साचतात. माझ्या उजव्या खांद्याचे असेच साचले आहेत. फरक एवढाच, की ही फाईल मलाच अंगावर घेऊन हिंडावी लागते.

आता लिहायला बसलो, कारण वरून हुकूम आहे. वरून म्हणजे माझी मुलगी सुजाता. ती आदिलाबादला शाळेत शिकवते, आणि आमच्या घरात तिच्या शब्दावर अपील नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "खांदा आजवर किती वेळा निखळला? कसा कसा?" मी म्हणालो, मोजलं नाही. सुजाता हादरलीच!

"चौतीस वर्षं आवक-जावक रजिस्टर लिहिलं तुमी, बाबा, अन् सोताच्या खांद्याची नोंद नाही?"

तेव्हा नोंद करतो आहे. खांदा बाहेर गेला की जावक, परत बसला की आवक. ही यादी बघून डॉक्टर ठरवणार, ऑपरेशन करायचं की नाही. आणि सुजाता ठरवणार, तिच्या दीड वर्षाच्या लेकीला, मैतूला, मी उचलायचं की नाही. सध्या मनाई आहे. मैतू माझ्यासमोर येऊन उभी राहते, दोन्ही हात सरळ आभाळाकडे करते आणि म्हणते, "आबा, घे."

दोन्ही हात! एकदम! कानाला चिकटून वर! मी नुसता बघत राहतो. काही लोकांना काय काय जमतं!

•

पहिली जावक रेकॉर्ड रूममध्ये झाली. आमची कचेरी तेलंगणातल्या हायवेवरच्या एका मंडलाची, म्हणजे छोट्या तालुक्याची. नाव सांगत नाही, पेन्शन अजून सुरू आहे.

रेकॉर्ड रूमच्या सगळ्यात वरच्या फळीवर निजामाच्या काळातली उर्दू दफ्तरं होती, लाल कापडात बांधलेली. ज्याला उर्दू येत नाही त्याच्याकडेच ती फळी द्यायची असा काही नियम नव्हता. पण ती माझ्याकडे होती. एके दिवशी कुणाच्या तरी आजोबांच्या जमिनीचा कागद हवा होता. मी टाचा उंचावल्या, हात लांब केला, दफ्तर ओढलं आणि आतून आवाज आला. टक्.

मोठा आवाज नाही. बोट मोडल्यासारखा. पण पुढच्या क्षणी मी खाली, माझ्या अंगावर दफ्तर, आणि दफ्तरावर निजामाच्या काळापासूनची धूळ.

आमचा अटेंडर, इकडचा शिपाई, पोशन्ना धावत आला. पोशन्ना म्हणजे दरवाजाएवढी छाती. मातृभाषा तेलुगू, पण घाबरला की हिंदी. त्याने माझ्याकडे बघितलं. खांदा गोल असतो ना, तिथे टेबलासारखा चौकोनी कोपरा झाला होता, आणि काखेकडे कुठे तरी भलताच उंचवटा. त्याने डोक्याला हात लावला.

"अय्यो सार! हाथ किधर गया?"

तेवढ्यात साहेब आले. मला जमिनीवर पडलेलं बघितलं, त्यांचा चेहरा पांढराफटक! माझ्याजवळ उकिडवे बसले. मला भरून आलं. आमच्या खात्यात साहेब कारकुनाजवळ उकिडवे बसत नाहीत. त्यांनी हलकेच हात पुढे केला, माझ्या पोटावरचं दफ्तर उचललं, फुंकर मारली आणि विचारलं,

"फाटलं तर नाही ना?"

तीन आठवडे हात गळ्यात. रजेचा अर्ज पाठवला, सही अर्थातच डाव्या हाताने. चौथ्या दिवशी अर्ज परत! वर शेरा: "अर्जदाराची सही नमुना सहीशी जुळत नाही. तरी अर्जदाराने समक्ष हजर राहून उजव्या हाताने सही करावी, म्हणजे उजवा हात निकामी असल्याच्या कारणावरून रजा मंजूर करण्याचा विचार करता येईल."

मी तो शेरा तीनदा वाचला. चूक सापडेना. माझ्याच हाताखालच्या ज्युनियरने लिहिला होता, आणि शेरा कसा लिहायचा ते त्याला मीच शिकवलं होतं.

•

नंतरच्या पाच-सहा वेळा साध्या होत्या. एकदा वरच्या खुंटीवरची छत्री काढताना, एकदा झोपेत कूस बदलताना, एकदा लग्नात अक्षता जरा लांब फेकल्या तेव्हा. आता इचोड्याजवळचं सांगतो.

काम आटोपून मी हायवेला उभा होतो. आदिलाबादकडे जाणारी बस दिसली. मी हात केला. टक्!

हा खांदा निघाला की हात ना खाली येतो, ना वर जातो. आडवा राहतो, गेटच्या दांड्यासारखा. बस थांबली. कंडक्टर म्हणाला, चढा. मला पाऊल उचलवेना. तो दोन शब्द तेलुगूत बोलला, ते इथे लिहीत नाही, आणि बस गेली. हात मात्र आडवाच.

मागून शेअर ऑटो आला. थांबला. "आदिलाबाद?" चढता येणार नव्हतं, मी नकारार्थी मान हलवली. "तो हाथ कायको दिखाया?" तो चिडून गेला. मग कापसाने भरलेला टेम्पो थांबला. मग एक लांबलचक लॉरी फुस्स करून थांबली, तिच्यातून क्लीनर उतरला आणि कागद दाखवायला लागला. मी घामाघूम! तोंडातून शब्द फुटत नाही! त्याला वाटलं, मी कागद वाचतोय.

लॉरीच्या मागे एक ट्रॅक्टर होता. वाळूचा. ड्रायव्हरने वाकून पुढे बघितलं. मंडल कचेरीचे क्लर्क सार, हायवेच्या कडेला, हात आडवा, चेहरा भयंकर! त्याने इंजिन बंद करायचंही भान ठेवलं नाही. उडी टाकली आणि तुरीच्या शेतातून जो पळाला, तो तुरीच्या वर फक्त टॉवेल दिसत होता. मग तोही दिसेना.

दुसऱ्या दिवशी मी गळ्यात हात बांधून कचेरीत गेलो. साहेबांनी सगळ्या स्टाफला बोलावलं. चोरटी वाळू एकट्याने अडवली, तीही ड्युटी संपल्यावर! अशी निष्ठा हवी! मी सांगायचा प्रयत्न केला, "सार, मी बस थांबवत होतो." साहेब म्हणाले, "बघा, वर विनयसुद्धा!"

माझ्या सेवापुस्तकात चौतीस वर्षांत एवढी एकच शाबासकी आहे.

•

आमच्या मंडळींबद्दल, सुमनबद्दल, स्वतंत्र नोंद हवी. पहिल्या दिवसापासून तिचा एकच प्रश्न आहे: "हात वर काऊन केला?"

दवाखान्यात स्ट्रेचरवर असलो तरी हाच प्रश्न. बस थांबवली तरी हाच. एकदा मी जेवता जेवता शिंकलो, तेवढ्याने खांदा सरकला. सुमन चुलीपाशी होती, तिथूनच ओरडली, "हात वर काऊन केला?"

"हात कुठं वर केला, बाई? नुसता शिंकलो!"

"मंग शिंकले काऊन?"

हा खुलासा अजून प्रलंबित आहे.

तिने घरातलं सगळं खाली आणलं. खुंट्या खाली, देव्हाऱ्याच्या जागी असलेली बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो तेवढा वर, बाकी सगळं छातीच्या खाली. डोक्यातून घालायचे बनियन जाऊन पुढे गुंड्या असलेले आले. कपडे वाळत घालायची तार एवढी खाली, की धोतर घातलं असतं तर जमिनीला लोळलं असतं. आदिलाबादला सुजाताच्या अंगणातही तार तशीच खाली आहे. मी तिच्याकडे महिन्यातून दोनदा जाणार, कपडे वाळत घालणार शून्य वेळा, तरीही! लेकीला बापाची किती काळजी, हे मी चारचौघांत सांगत असे.

•

शेवटी मी लेखी मागणी केली, की वरच्या फळीचं काम काढून घ्यावं. उत्तर आलं: वैद्यकीय मंडळाचा दाखला जोडा.

मंडळात तीन डॉक्टर होते. लांब टेबल, मागे तिघं, पुढे मी, शर्ट काढून. मधल्या वयस्कर डॉक्टरांनी खांदा दाबला, फिरवला.

"हा तर जागेवर आहे."

"सार, अधूनमधून निखळतो."

"आज निखळलाय?"

"नाही."

"मग आज काय तपासायचं? निखळलेला असताना या."

"निखळलेला असताना बसमध्ये चढता येत नाही, सार."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग वयस्करांनी लिहायला घेतलं. कारकुनाला उलटं वाचता येतं, ते आमचं अर्धं शिक्षण आहे. मी वाचलं: "तपासणीच्या वेळी अर्जदाराचा खांदा जागेवर आढळला. तक्रारीत तथ्य नाही."

तक्रारीत तथ्य नाही! माझं डोकं फिरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी वरिष्ठांसमोर आवाज चढवला. "सार!" म्हणालो आणि हरकत घ्यायला हात वर केला.

टक्.

तिघंही ताडकन उभे राहिले. सगळ्यात तरुण डॉक्टर डॉक्टर असूनही "अरे बापरे!" म्हणाला. वयस्करांनी माझ्या खांद्याकडे बघितलं. मग कागदाकडे बघितलं. मग पुन्हा खांद्याकडे. खूप वाईट वाटलं त्यांना, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"सही झाली हो," ते म्हणाले. "नवीन अर्ज करा."

खांदा मात्र त्यांनी फार हळुवारपणे बसवून दिला.

•

आमच्याकडे दसऱ्याला जम्मीचं, म्हणजे शमीचं पान हातात द्यायचं आणि कडकडून मिठी मारायची. तेलंगणात त्याला अलय-बलय म्हणतात. वर्षभराची भांडणं त्या मिठीत मिटतात. आमचं घर दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर, म्हणून त्या दिवशी मी सुटायचो. पण दुसऱ्या दिवशी कचेरीत अलय-बलय शिल्लक असायचीच. मी छातीशी एक जाड दफ्तर धरून बसत असे. दफ्तराला कोणी मिठी मारत नाही.

एका वर्षी पोशन्ना माझ्याशी तीन महिने बोलत नव्हता. रोज उशिरा यायचा म्हणून मी त्याला लेखी खुलासा मागितला होता. त्याच्या मते, हे तोंडीही मागता आलं असतं. खरं म्हणजे बरोबर होतं त्याचं.

त्या सकाळी बसच्या वरच्या दांड्याला धरलं आणि खांदा अर्धा सरकला. पूर्ण नाही, अर्धा. हे जास्त वाईट. ना इकडचा, ना तिकडचा. मी गुपचूप खुर्चीत बसलो होतो. हजेरीवर सही करायची आणि दवाखान्यात जायचं, असा विचार. दफ्तर धरायचं राहिलं.

दारात पोशन्ना. हातात पानं. डोळ्यांत पाणी.

"सार!"

"पोशन्ना, थांब! थांब! खांदा..."

"सार, गुस्सा छोडो सार!"

"गुस्सा नाही रे! खांदा!"

त्याने दोन्ही हात पसरले. मी भिंतीकडे सरकलो. भिंत संपली. आणि त्या दरवाजाएवढ्या छातीने मला गुंडाळलं. असा आवाज झाला, की पलीकडच्या खोलीतून साहेब बाहेर आले!

मी डोळे मिटून मरायची वाट बघत होतो. हळूच डोळे उघडले. खांदा जागेवर! एक्स-रेमध्ये दिसतो तसा! पोशन्ना प्रेमाने रडत होता, मी दुखण्याने रडत होतो, आणि लेडी टायपिस्ट आमच्याकडे बघून उगाचच रडत होती.

पण पुढचं ऐका. आठ दिवसांत व्हरांड्यात माणसं! कोणाची पाठ धरलेली, कोणाची मान आखडलेली. जमिनीच्या पट्ट्याचं काम आहे का? नाही. उत्पन्नाचा दाखला? नाही. "पोशन्ना किधर है?" पोशन्नाही टॉवेल झटकून उभा. एका रिटायर मास्तरांची बरगडी दुखावली, तेव्हा कुठे साहेबांनी नोटीस लावली, तेलुगूत आणि मराठीत: "कचेरीच्या आवारात पूर्वपरवानगीशिवाय अलय-बलय करू नये."

परवानगीसाठी अर्ज यायला लागले. ते माझ्याच टेबलावर.

•

आता ज्या नोंदीवर हसता येत नाही, ती.

मैतूचा पहिला वाढदिवस. सुजाताच्या घरी सकाळी वंदना झाली, मग केक. मी नुकताच रिटायर झालेलो, नवा शर्ट, पुढे गुंड्या. फोटोवाला म्हणाला, "आजोबा, बाळाला उचला. अजून वर. अजून जरा वर, हसा!"

मी हसलो आणि वर केलं.

टक्.

उजवा हात गेला. मैतू घसरली. डाव्या हाताच्या मुठीत तिच्या फ्रॉकचा घेर आला, तेवढाच. ती उलटी लोंबकळली. मी पाठीने भिंत घासत खाली बसलो, कारण खाली बसलो तर ती कमी उंचीवरून पडेल, एवढंच सुचलं. सुमनने पदर पसरला आणि मैतू त्यात पडली. पोर हसायला लागली! तिला वाटलं, खेळ आहे.

फोटोवाल्याने त्याच क्षणी बटण दाबलं होतं. तो फोटो आहे आमच्याकडे. त्यात सगळ्यांची तोंडं उघडी आहेत. फक्त मैतू उलटी होऊन कॅमेऱ्याकडे बघून हसते आहे.

सुजाता किंचाळली नाही. तिने लेकीला बघितलं, आजीच्या मांडीवर दिलं आणि माझ्यापाशी गुडघ्यांवर बसली. माझं मनगट धरलं. "बाबा, अंग सैल सोडा. माह्याकडे नका पाहू, खिडकीकडे पाहा. हं. आता." हात सावकाश फिरवला आणि खांदा जागेवर बसला! दवाखान्यात दोन जण लागतात! मी थक्क झालो. शाळेत हल्ली प्रथमोपचाराचं ट्रेनिंग चांगलं देत असावेत.

मग ती उठली. 

"आजपासून मैतूले उचलाचं नाही. खाली बसा, मांडीवर घ्या, पाहिजे तेवढं खेळवा. उभ्यानं नाही. समजलं?"

"अगं, एकदा झालं..."

"एकदा नाही होत ते, बाबा. पुन्हा होते. पुन्हा पुन्हा होते."

त्या दिवशी सुमननेसुद्धा हात वर काऊन केला, हे विचारलं नाही.

•

म्हणून नागपूर. तिथल्या डॉक्टरांनी खांदा बघायच्या आधी माझा अंगठा धरला आणि वाकवला. तो मनगटाला जाऊन टेकला. मग बोटं मागे वळवली, ती पंख्यासारखी उलटी गेली.

"लहानपणापासून असेच?"

"हो. शाळेत इन्स्पेक्टर आले की गुरुजी मला उभं करून दाखवायचे."

डॉक्टर म्हणाले, काही माणसांचे सांधेच मुळात सैल असतात. तुमचे तसे आहेत. खांदा जेवढ्या वेळा निघतो, तेवढी जागा अजून सैल होते. मग विचारलं, "घरात आणखी कोणाला आहे असं?"

"नाही," मी म्हणालो.

सुजाता तेव्हा एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडाला धरून बघत होती, डाव्या हाताने. तिने फिल्म आणखी वर धरली.

"निखळला की बसवता कुठे?"

"आधी दवाखान्यात. आता मुलगी बसवते. एका झटक्यात!" मी कौतुकाने सांगितलं.

डॉक्टरांना धक्काच बसला. "घरी? नस दुखावली तर हात कायमचा जाईल, कल्पना आहे का?" मग तिच्याकडे वळले. "कुठे शिकलात हे?"

"पाहून पाहून," सुजाता म्हणाली आणि फिल्म पाकिटात घातली.

डॉक्टरांचा निकाल असा: यादी आणा, मग ठरवू. ऑपरेशन केलं तर बरेच महिने सांभाळावं लागेल, पण मग नात उचलता येईल. नाही केलं तर मुलगी म्हणते तेच बरोबर. मी हिशेब केला. ऑपरेशन, पट्टा, व्यायाम, सगळं होईपर्यंत मैतू एवढी मोठी होणार, की आबाने उचललं तर तिलाच लाज वाटेल. तरी मी म्हणालो, यादी आणतो.

•

परवा रविवारी ही यादी इथपर्यंत आली होती. सुजाताच्या अंगणात खुर्ची टाकून मी लिहीत होतो. आत सुमन ज्वारीच्या भाकरीचं पीठ मळत होती. सुजाता धुतलेली चादर त्या खाली बांधलेल्या तारेवर टाकत होती, पाठ आमच्याकडे. मैतू माझ्या पायांशी येऊन दोनदा हात वर करून "आबा, घे" म्हणाली. मी दोनदा म्हणालो, "आईला विचार." मग ती कंटाळून निघून गेली.

अंगणात पाण्याचा निळा ड्रम आहे, कपडे धुवायच्या दगडाला लागून. काठोकाठ भरलेला. मी मान वर केली तेव्हा मैतू दगडावर चढलेली होती. पुन्हा बघितलं तेव्हा फक्त पाय दिसले. पायही दगडावर नव्हते.

मी खुर्चीतून कसा उठलो, मला आठवत नाही. कागद उडाले, एवढं आठवतं. भान आलं तेव्हा माझे दोन्ही हात तिच्या काखेत होते आणि ती माझ्या डोक्याच्या वर होती, भिजलेली, केसांतून पाणी गळतंय. माझे दोन्ही हात! एकदम! वर!

मी श्वास रोखून त्या आवाजाची वाट बघत राहिलो. आवाज येईना. एक, दोन, तीन. खांदा जागेवर. माझा विश्वासच बसेना! मैतूने दोनदा खोकून तोंडातलं पाणी काढलं, वरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "अजून!"

सुजाता वळली. "बाबा!" ती धावली. लेकीला माझ्या हातातून ओढून घ्यायला तिने धावता धावताच उजवा हात लांब, वर केला.

टक्.

तो आवाज मला झोपेतही ओळखू येतो. मी आधी माझ्या खांद्याकडे बघितलं. माझा खांदा जागेवर होता. मैतू माझ्या हातात होती. मग समोर बघितलं.

सुजाता दोन पावलांवर थांबली होती. डाव्या हाताचा तळवा उजव्या कोपराखाली. अंग उजवीकडे जरासं झुकलेलं. ओठ मिटलेले, श्वास अडवलेला. छत्रीच्या खुंटीखाली, दवाखान्याच्या दारात, वैद्यकीय मंडळापुढे मी असाच उभा राहिलेलो आहे. असं उभं राहिलेलं दुसरं माणूस मी जन्मात बघितलेलं नव्हतं.

मैतूने आईकडे झेप घ्यायला बघितलं. आईने हात पुढे केला नाही. मी पोर खाली आणली, छातीशी घट्ट धरली आणि तशीच धरून ठेवली. दुसरं कोण धरणार होतं?

"सुजा," मी म्हणालो. "कितव्यांदा?"

तिने अंगणभर पसरलेल्या माझ्या कागदांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"सातव्यांदा," ती हळूच म्हणाली. "आईले सांगू नका."

आई तिच्या मागेच उभी होती. पिठाने भरलेले दोन्ही हात वर, डोक्याशी.